‘वार खाली आहे’: पाचव्या महिन्याच्या रिपोर्टपासून बाळंतपणापर्यंत

माझ्या धाकट्या जावेच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत एक ओळ आली: ‘प्लासेंटा पोस्टेरिअर, लो लाइंग,’ म्हणजे वार मागच्या भिंतीला आणि खाली. बाळाचं सगळं व्यवस्थित होतं. हृदय, मणका, मूत्रपिंडं, प्रत्येकापुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं. घरात चर्चा मात्र त्या एकाच ओळीची. सासूबाईंनी तिला खाटेवरून उतरू द्यायचं नाही असं ठरवलं, शेजारच्या काकूंनी खाटेच्या पायथ्याखाली विटा लावायला सांगितल्या. ज्या गोष्टी त्याच आठवड्यात ठरायला हव्या होत्या, त्यांचं नाव कुणी काढलं नाही. तिचा रक्तगट कोणता, हिमोग्लोबिन किती, रात्री-अपरात्री रक्त गेलं तर गाडी कुणाची, आणि जायचं कुठे? एकतिसाव्या आठवड्यात रात्री दीड वाजता हे सगळे प्रश्न एकदम समोर उभे राहिले.

ती आणि तिची मुलगी दोघी सुखरूप आहेत. पण त्या रात्री धावपळीत जे शिकलो, ते महिनाभर आधी घरात बसून शिकता आलं असतं. ज्यांच्या रिपोर्टमध्ये ही ओळ आली आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय तयार ठेवायचं, एवढं तरी तुमच्या हातात असावं.

वार कुठे असते, ‘खाली’ म्हणजे कुठे

बोलताना आपण वार आणि नाळ यांची गल्लत करतो. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी. ती ज्या गोल, मांसल चकतीला जाऊन मिळते ती वार. दिवस भरत आले की वारेचं वजन साधारण अर्धा किलो होतं आणि ती जेवणाच्या छोट्या ताटलीएवढी पसरते. बाळाचा प्राणवायू, अन्न, टाकाऊ पदार्थांचा निचरा, सगळं तिच्यातूनच चालतं. त्यासाठी शेवटच्या महिन्यांत आईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिली रक्त येत असतं. पुढचं सगळं या आकड्यामुळेच आहे. वार वेळेआधी सुटली, तर रक्त किती भरभर जाऊ शकतं ते यातून कळतं.

बहुतेकींची वार पिशवीच्या वरच्या भागात, पुढच्या किंवा मागच्या भिंतीला असते. काहींची खालच्या भागात रुजते, अगदी पिशवीच्या तोंडाजवळ किंवा तोंडावरच. तोंड झाकलं गेलं तर बाळाची वाटच अडते. शिवाय शेवटच्या महिन्यांत पिशवीचा खालचा भाग ताणला जातो, तोंड थोडं उघडू लागतं आणि त्या ताणाने वारेची कड सुटून रक्त येतं. खालच्या भागात स्नायूही कमी असतात. बाळंतपणानंतर पिशवी आवळली की रक्तवाहिन्या मिटतात आणि रक्त थांबतं, पण इथे ते आवळणं कमजोर पडतं. म्हणून प्रसूतीनंतरचा रक्तस्रावही यात जास्त होऊ शकतो.

दिवसांच्या शेवटी तोंडावर राहिलेली वार साधारण दर दोनशे गरोदर बायकांत एकीला आढळते.

हे कशामुळे झालं, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि बहुतेक वेळा सुनेला ऐकून घ्यावं लागतं. बादली उचलली, जिने चढली, एसटीने गेली, पपई खाल्ली, यातल्या कशामुळेही वार खाली येत नाही. गर्भ ज्या जागी रुजला तिथेच वार तयार होते, आणि तेव्हा तर दिवस गेल्याचं तिला कळलेलंही नसतं. आधीचं सिझर, आधी केलेलं क्युरेटिंग, जुळी मुलं, पस्तिशीनंतरचं गरोदरपण, बरीच बाळंतपणं, विडी-सिगारेट, टेस्ट ट्यूब पद्धतीने राहिलेले दिवस, यांमुळे शक्यता वाढते. पण अनेकींच्या बाबतीत यातलं एकही कारण नसतं.

आणखी एक गैरसमज. वार पुढच्या भिंतीला की मागच्या, यावरून मुलगा-मुलगी कळते असं काही जण छातीठोकपणे सांगतात. तसं काहीही कळत नाही. गर्भलिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. रिपोर्ट घेऊन असल्या माणसाकडे जाऊच नका.

पहिली पायरी: रिपोर्टमधली ओळ नीट वाचा

अठरा ते बावीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत वारेची जागा लिहिलेली असते. ‘अँटीरिअर’ म्हणजे पुढची भिंत, ‘पोस्टेरिअर’ म्हणजे मागची, ‘फंडल’ म्हणजे पिशवीचा माथा. या तिन्ही साध्या, चालणाऱ्या जागा आहेत. काळजीपूर्वक बघायचं ते त्यापुढचं अंतर: वारेची खालची कड पिशवीच्या आतल्या तोंडापासून किती मिलिमीटरवर आहे? रिपोर्टमध्ये आतल्या तोंडाला ‘इंटर्नल ओएस’ म्हणतात.

२० मिलिमीटर किंवा जास्त अंतर असेल तर वार ‘खाली’ धरत नाहीत. २० पेक्षा कमी, पण तोंड मोकळं असेल तर ती ‘लो लाइंग’. कड तोंडावर आली किंवा तोंड झाकलं गेलं असेल तर ‘प्लासेंटा प्रिव्हिया’. काही ठिकाणी अजून जुन्या पद्धतीने टाइप एक ते चार असं लिहितात. तसं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘अंतर किती मिलिमीटर आहे?’ नुसतं ‘थोडी खाली आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

इथे एक घोटाळा हमखास होतो. रिपोर्टमध्ये ‘प्लासेंटा ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २ मॅच्युरिटी’ असंही लिहिलेलं असतं. ही ग्रेड म्हणजे वार किती जुनी, पक्व दिसते त्याची नोंद. ती वर आहे की खाली, याच्याशी तिचा काही संबंध नाही. आमच्या घरात ‘ग्रेड वाढली’ म्हणून दोन दिवस रडारड झाली होती.

अंतर पोटावरून मोजलं होतं की आतून, हेही विचारा. लघवीने भरलेल्या मूत्राशयाचा पिशवीच्या खालच्या भागावर दाब पडतो आणि वर असलेली वारही खाली असल्यासारखी दिसू शकते. त्या क्षणी पिशवी आवळलेली असली तरी तसंच. शंका असेल तर योनीमार्गातून सोनोग्राफी करतात. अनेकजणी घाबरून तिला नाही म्हणतात, ‘आत काही घातलं तर रक्त सुरू होईल’ म्हणून. ती भीती सोडा. तो प्रोब पिशवीच्या तोंडात जात नाही, बाहेर थांबून कोनातून बघतो. वार खाली असतानाही ही तपासणी सुरक्षित आहे आणि अंतर मोजायला हीच सगळ्यात अचूक आहे. बोटांनी केलेली आतली तपासणी ही पूर्ण वेगळी गोष्ट, तिच्याबद्दल पुढे सांगते.

दुसरी पायरी: २०, ३२, ३६, तीन आठवडे कॅलेंडरवर लिहा

पाचव्या महिन्यात ‘खाली’ सांगितलेल्या दहा जणींपैकी साधारण नऊ जणींची वार पुढे आपोआप वर गेलेली दिसते. हे वाक्य सासू-सासऱ्यांना, आई-वडिलांना दोनदा वाचून दाखवा. वार चिकटलेली जागा सोडून चालत नाही. पिशवीचा खालचा भाग वाढत, लांबत जातो आणि त्याबरोबर वार तोंडापासून दूर जाते. फुग्यावर तोंडाजवळ ठिपका काढा आणि फुगा फुगवा, म्हणजे लक्षात येईल. विटा लावून किंवा पाय वर करून झोपून हे लवकर होत नाही, आणि चालल्या-फिरल्याने थांबतही नाही.

पुढची सोनोग्राफी साधारण बत्तिसाव्या आठवड्यात. तोपर्यंत वार वर गेली असेल तर विषय संपला, बाळंतपण इतर कुणाहीसारखं. तेव्हाही खालीच असेल तर छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास, शक्यतो आतून, पुन्हा मोजतात आणि प्रसूती कशी करायची ते ठरतं. मधे रक्त गेलं तर आधीही बघतात. पाचव्या महिन्यातच वारेने तोंड बरंच झाकलेलं असेल किंवा आधी सिझर झालेलं असेल, तर ती वर जाण्याची शक्यता कमी असते. अशांनी तयारी लवकर सुरू करावी.

वार खाली असेल किंवा सोनोग्राफीच्या वेळी खाली असून नंतर वर गेली असेल, तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. ‘कलर डॉपलर लावून तोंडावर बाळाच्या रक्तवाहिन्या नाहीत ना, हे बघितलं का?’ क्वचित, वार वर सरकली तरी नाळेच्या उघड्या रक्तवाहिन्या पिशवीच्या तोंडावरून जात राहतात. त्याला व्हासा प्रिव्हिया म्हणतात. पाणमोट फुटताना त्या फाटल्या तर जाणारं रक्त बाळाचं असतं, आणि बाळाच्या अंगात रक्त असतंच किती? आधी कळलं तर ठरवून सिझर करून बाळ वाचवता येतं. म्हणून हा एक प्रश्न विसरू नका.

आधी सिझर झालं असेल तर इथे थांबा

हा भाग मी मुद्दाम वेगळा काढते आहे, कारण आता घराघरांत एक-दोन सिझर झालेल्या मुली आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर पाचांपैकी एकाहून थोडी जास्त बाळंतपणं सिझरने झालेली आढळली. खासगी दवाखान्यांत हे प्रमाण जवळजवळ निम्मं होतं.

सिझरचा छेद पिशवीच्या खालच्या भागावर असतो. पुढच्या वेळी वार खाली, त्यातही पुढच्या भिंतीला, म्हणजे नेमकी त्या जुन्या टाक्यांवर रुजली, तर ती पिशवीच्या भिंतीत खोल घुसू शकते. कधी भिंत ओलांडून मूत्राशयापर्यंतही जाते. याला प्लासेंटा ॲक्रिटा म्हणतात. बाळंतपणानंतर अशी वार सुटत नाही, आणि ओढली तर रक्ताचा लोट येतो. वार तोंडावर असलेल्या बायकांचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्यात आधी एकही सिझर नसलेल्यांत हा धोका सुमारे ३ टक्के, एक सिझर झालेल्यांत ११ टक्के आणि दोन झालेल्यांत ४० टक्के आढळला. दोन सिझर आणि तोंडावर वार, हे एकत्र आलं की गोष्ट तालुक्याच्या दवाखान्याच्या आवाक्याबाहेरची झाली असं समजा.

अशा वेळी अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून सोनोग्राफी करून घ्या आणि ‘वार टाक्यांत घुसली आहे का’ हा प्रश्न स्पष्ट विचारा. कधी एमआरआयही सांगतात. घुसल्याची शंका असेल तर प्रसूती मोठ्या रुग्णालयातच हवी. भरपूर रक्त, अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, मूत्रमार्गाचे सर्जन आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, सगळं एका छताखाली असलं पाहिजे. अशा ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा बाळ काढल्यावर वार तशीच ठेवून पिशवीसकट काढावी लागते. ऐकायला फार जड जातं, मान्य आहे. पण हे आठव्या महिन्यात टेबलासमोर बसून ऐकणं आणि ऑपरेशन चालू असताना नवऱ्याने बाहेर सही करताना ऐकणं यांत फार फरक आहे.

घरी कसं राहायचं

रक्त गेलेलं नसेल तर पूर्ण वेळ खाटेवर पडून राहायची गरज नाही. पडून राहिल्याने रक्तस्राव टळतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि मन खचतं ते वेगळंच. रोजची हलकी कामं, घरातलं चालणं, अंघोळ, बसून स्वयंपाक चालतो. जड उचलणं, धावपळ, दमवणारा व्यायाम टाळा. ऑफिसला जायचं का, हे रक्त गेलं आहे की नाही आणि प्रवास किती आहे यावर डॉक्टर ठरवतील.

तोंडावर वार असेल, आणि रक्त गेलेलं असेल तर नक्कीच, शरीरसंबंध बंद. हे डॉक्टर बऱ्याचदा अर्धवट शब्दांत सांगतात आणि नवऱ्यापर्यंत पोचतच नाही. दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटा आणि स्पष्ट विचारा.

बोटांनी आतली तपासणी करू द्यायची नाही. कळा आल्यात का, तोंड उघडलं का, हे बघायला एरवी नर्स किंवा डॉक्टर बोटं घालून तपासतात. इथे तेच बोट वारेला लागून मोठा रक्तस्राव करू शकतं. तुमच्या डॉक्टरांना हे माहीत आहे. पण रात्री अनोळखी दवाखान्यात, गर्दीत, कुणाला तुमची फाइल वाचायला वेळ नसेल. म्हणून एक वाक्य तुमच्या आणि सोबतच्या माणसाच्या तोंडी पाठ असू द्या: ‘वार खाली आहे, बोटांनी आतून तपासू नका.’ फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत तेच लिहा.

आता हिमोग्लोबिन. माझ्या मते या सगळ्यात घरच्यांच्या हातातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. वर सांगितलेल्या पाहणीतच देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत रक्त कमी आढळलं. साडेबारा हिमोग्लोबिन असलेली बाई जेवढं रक्त गेल्यावर तग धरते, तेवढं आठ असलेलीला झेपत नाही. लोहाची गोळी रोज घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. दोन तासांचं अंतर ठेवा. शौच काळं होतं, त्याने घाबरू नका. मळमळ होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, वेगळी गोळी देता येते. दिवस कमी उरले असतील तर शिरेतून लोह देतात. पालेभाजी, नाचणी, खजूर, गूळ खा, पण आठाचं अकरा नुसत्या गूळ-शेंगदाण्याने होईल या भरवशावर राहू नका.

डोहाळजेवण झाल्यावर माहेरी जायचं का?

सातव्या महिन्यात माहेरी जायची आपली रीत. आमच्याकडेही निघायची तयारी झाली होती, बॅग भरून दाराशी. माहेर आडगावात, जवळचं मोठं रुग्णालय दोन तासांवर. जाऊ म्हणाली, ‘ताई, आईकडे गेले की बरं वाटेल हो.’ तिचं बरोबर होतं, मन तिथेच लागतं. पण वार तोंडावर असताना माहेर की सासर यापेक्षा रक्त मिळेल अशा ठिकाणापासून आपण किती मिनिटांवर आहोत, हे आधी बघायचं. शेवटी तिची आईच आमच्याकडे येऊन राहिली. तुमच्याकडेही असंच काही ठरवता येईल, किंवा शहरातल्या आत्या-मावशीकडे शेवटचे दोन महिने काढता येतील. ऊसतोडीला जाणाऱ्या, फडावर राहणाऱ्या मुलींची अडचण याहून कितीतरी मोठी आहे. त्यांच्या बाबतीत मुकादमाने आणि घरच्यांनी हे मनावर घ्यायलाच हवं, तिला फडावर ठेवता कामा नये.

तयारीचा कागद

बत्तिसाव्या आठवड्याची वाट न पाहता, अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा दाराच्या आत चिकटवा.

रुग्णालय ठरवताना चार प्रश्न विचारा. रात्री सिझर होतं का? भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्तपेढी आत आहे की बाहेरून आणावं लागतं? आठव्या महिन्यातलं बाळ सांभाळायला अतिदक्षता विभाग आहे का? ओळखीचे डॉक्टर, जवळचा दवाखाना, छान खोली, हे सगळं त्यानंतर. आम्ही त्या रात्री आधी ज्या दवाखान्यात गेलो, तिथे रक्त नव्हतं. त्यांनी सलाइन लावून पुढे पाठवलं, पण आमचा पाऊण तास फुकट गेला. ती चूक आमची होती, आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण हे सगळं मोफत मिळणं हा तुमचा हक्क आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य केंद्रांवर गरोदर बायकांची तपासणी होते. तिथे ‘वार खाली आहे, मला जोखमीच्या यादीत घ्या’ असं सांगा. आशाताईंच्या कानावरही घाला. प्रसूतीसाठी कुठे न्यायचं, रस्ता कुठे खराब आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

कागदावर रक्तगट मोठ्या अक्षरांत लिहा. गट निगेटिव्ह असेल तर तो सहज मिळत नाही. त्याच गटाचे तीन-चार दाते नातेवाईक, मित्र, गावातल्या रक्तदान मंडळातून आधीच शोधून त्यांचे नंबर लिहून ठेवा. गाडी कुणाची, ती नसेल तर दुसरी कुणाची, १०८ चा क्रमांक, घरातल्या मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, सोबत कोण जाणार, हेही लिहा. सगळे रिपोर्ट, आधार कार्ड, माता-बाल कार्ड, थोडी रोख रक्कम आणि पॅड एका पिशवीत घालून पिशवी दाराजवळ टांगा.

रक्त गेलं तर

वार तोंडावर असताना जाणारं रक्त बहुतेक वेळा लालभडक असतं आणि दुखत नाही. न दुखता आल्यामुळेच लोक फसतात. ‘दुखत नाही ना? मग सकाळी बघू.’ पहिल्यांदा थोडं जातं आणि आपोआप थांबतं, आणि पुढचं कधी, किती येईल ते कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे डाग लागला, एवढासाच असला, थांबला, तरी त्याच वेळी रुग्णालयात जायचं.

आधी १०८ ला किंवा ठरवलेल्या गाडीला फोन. मग रुग्णालयाला फोन: ‘वार खाली असलेली बाई, अमुक आठवडे, रक्त चालू आहे, रक्तगट अमुक, आम्ही निघालो.’ या एका फोनने तिकडे भूलतज्ज्ञ आणि रक्ताची हालचाल आधीच सुरू होते. पॅड लावा आणि भिजलेली पॅडं फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या, किती रक्त गेलं त्याचा अंदाज त्यांवरून येतो. आत कापूस किंवा कापड कोंबू नका. तिला डाव्या कुशीवर झोपवून न्या, दुचाकीवर मधे बसवून अजिबात नको. खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. शेवटचं कधी खाल्लं ते लक्षात ठेवा. ओळखीच्या दाईला ‘जरा बघून जा’ म्हणून बोलावू नका.

पोट खूप दुखत असेल, लाकडासारखं कडक झालं असेल, रक्त काळपट आणि थोडंच दिसत असेल, तर वार आतल्या आत सुटत असण्याची शक्यता असते. तो वेगळा आणि तितकाच घातक प्रकार आहे. त्यात बाहेर दिसणारं रक्त कमी आणि आत साठलेलं जास्त असू शकतं. चक्कर, घाम, हातपाय गार पडणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तरी तीच घाई.

रुग्णालयात काय करतात

शिरेत जाड सुई लावतात, रक्त तपासतात, जुळणारं रक्त तयार ठेवतात, बाळाचे ठोके बघतात. रक्त थांबलं आणि दिवस कमी असतील, तर घाईने बाळ काढत नाहीत. पस्तिसाव्या आठवड्याआधी प्रसूती होण्याची शक्यता दिसली तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. ‘स्टिरॉइड’ शब्दाला घाबरून सही अडवू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वाचवण्यात या इंजेक्शनांचा फार मोठा हात आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तस्रावानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं का, हे आपणहून विचारा, गडबडीत राहून जाऊ शकतं.

रक्त थांबल्यावर कुणाला घरी सोडतात, कुणाला ठेवून घेतात. घर लांब असेल, रात्री गाडी मिळत नसेल, रक्त दोन-तीनदा गेलं असेल, तर ‘घरी कधी सोडणार’ म्हणून मागे लागू नका. माझी जाऊ पाच आठवडे रुग्णालयात होती. कंटाळली, रडली. पण मधे एकदा पुन्हा रक्त गेलं तेव्हा ऑपरेशन थिएटर दोन दारं सोडून होतं.

बाळंतपण

तोंड झाकलेलं असेल तर सिझरच, यात घासाघीस नाही. काही त्रास न झालेल्या बाईचं साधारण ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करतात. कळा सुरू व्हायच्या आत करणं हाच त्यामागचा हेतू. आधी रक्त गेलं असेल किंवा वार भिंतीत घुसल्याची शंका असेल तर आणखी आधी. ‘नऊ महिने भरू द्या’ किंवा ‘चांगला मुहूर्त बघू’ या दोन्ही आग्रहांना इथे जागा नाही.

वार तोंडापासून थोडी दूर असेल तर वाट मोकळी आहे. ११ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान असताना, रक्ताची आणि सिझरची सोय हाताशी ठेवून नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. त्याहून जवळ असेल तर रक्त जाण्याची शक्यता वाढते, तेव्हा डॉक्टर तुमची परिस्थिती बघून ठरवतात. म्हणूनच छत्तिसाव्या आठवड्यातला तो मिलिमीटरचा आकडा अचूक हवा.

ऑपरेशनआधीच्या संमतिपत्रात रक्त चढवणं आणि गरज पडल्यास पिशवी काढणं असं लिहिलेलं असतं. वाचा, विचारा आणि आई शुद्धीत असताना तिच्याशी बोलूनच सही करा. पिशवी वाचवायला डॉक्टर आधी औषधं, आतून दाब देणारा फुगा, पिशवीला आवळून घालायचे टाके असे बरेच उपाय करतात. पिशवी काढण्याची वेळ येते ती जीव वाचवण्यासाठीच.

नंतर

पहिले २४ तास रक्तावर नजर ठेवायची. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर नर्सला लगेच सांगा, बाळ बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी थांबू नका. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही चालू ठेवायच्या असतात. घरी गेल्यावर ताप, दुर्गंधी, टाक्यांतून पाणी दिसलं तर परत जायचं. बाळ काचेच्या पेटीत असेल तर तिचं दूध काढून वाटीत द्यायला पहिल्याच दिवसापासून मदत करा. रक्त गेलेल्या बाईला दूध थोडं उशिरा उतरतं, त्यावरून तिला टोमणे मारू नका.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘प्लासेंटा प्रिव्हिया’ आणि सिझर कशा प्रकारचं झालं, हे लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. पुन्हा दिवस राहिले तर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ जुन्या टाक्यांवर तर रुजला नाही ना, हे बघायचं असतं, आणि डॉक्टरांना ते त्या कार्डावरूनच सुचतं. जावेचं कार्ड मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिच्या कपाटात, लग्नाच्या साडीखाली ठेवलं आहे. एक फोटो तिच्या मोबाइलमध्ये, एक माझ्या.